धावड्याची नऊ पाने

गेल्या श्रावणात मी कोसम पहाडीवर जाऊन आलो. नागपूरच्या माणसाने पाहावे असे तिथे देऊळ नाही, किल्ला नाही, धर्मशाळाही नाही. पहाडीवर गवत आहे, बांबू आहे आणि ते खाणारे रानगवे आहेत. ते वर्षभर काय खातात, कधी एकत्र राहतात आणि कधी पांगतात, हे मी चाळीस वर्षांपूर्वी जंगलखात्याच्या एका तक्त्यात लिहून दिले होते. त्यातला पावसाळ्याचा भाग खोटा होता. आज मी पासष्टीच्या पुढे आहे. गुडघ्यांना अजून चढ झेपतो तोवर जाऊन यावे, असे ठरवून मी निघालो.

नवेगाव बांध

गोंदियापर्यंत मोठी गाडी आणि पुढे छोटी लाईन. माझ्या नोकरीच्या दिवसांत ही छोटी लाईन नव्हती. आम्ही बैलगाडीने येत असू आणि वाटेत दोन मुक्काम पडत. आता गाडीतून उतरून नवेगाव गाठायला सकाळ पुरते. तलाव मात्र तोच. डोंगरांच्या कुशीत इतके पाणी पसरलेले असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला पलीकडचा काठ ढगासारखा वाटतो.

माझा मुक्काम लहानू नावाच्या शेतकऱ्याकडे होता. त्याचे वडील माझ्या ओळखीचे. भातरोवणीचे दिवस असल्याने घरातली सगळी माणसे भाताच्या बांध्यांत, गुडघाभर चिखलात होती. तरी दुपारी लहानूच्या बायकोने तलावातल्या मरळीचे झणझणीत कालवण आणि भाताचा डोंगर माझ्यापुढे ठेवला. आमच्याकडे आधी पोळी आणि शेवटी भात. इथे पोळी विचारली तर माणूस आजारी आहे काय, अशा नजरेने पाहतात. मी दुसऱ्यांदा भात नको म्हटल्यावर लहानू म्हणाला, "बाबूजी, एवढ्यावर तुमी पहाडी चढान? बैल तरी याच्याहून जास्त खाते."

"पांगरटोल्यापर्यंत तुझी बैलबंडी जाईल का?" मी विचारले.

"जाईन. नाला उतरला असन तं जाईन." मग थांबून त्याने विचारले, "पन तुमी गवाखाऊंच्या टोल्यात कायले जाऊन राहिले?"

मला कळले नाही. त्याने हसत सांगितले की पांगरटोल्याला सगळे याच नावाने ओळखतात. "त्यायनं म्हने पहाडीवरचे गवे मारून खाल्ले. सरकारनं त्यायले तिथून हाकललं अन् सडकेपाशी आनून बसवलं. माह्या जन्माच्या आधीची गोष्ट हाय. आता पोरगी द्याची झाली तरी लोक म्हनतेत, बाप्पा, गवाखाऊ होत ते."

"त्यांनी खाल्ले नव्हते," मी म्हणालो.

"तुमाले कसं ठाऊक?"

मी हात धुवायला उठलो. त्या वेळी उत्तर दिले नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

चाळीस वर्षांपूर्वी

पुढे जाण्याआधी मागचे सांगितले पाहिजे.

तेव्हा मी रेंज कचेरीत कारकून होतो. वरच्या साहेबांना कोसम पहाडीवरच्या गव्यांची ऋतूवार माहिती हवी होती. तक्त्याचे रकाने ठरलेले होते: महिना, जागा, चारा, संख्या, आणि शेवटी 'प्रत्यक्ष पाहणी'. हे काम माझ्याकडे आले, कारण कचेरीत मी सर्वांत तरुण होतो आणि माझे अक्षर चांगले होते. वाटाड्या म्हणून मंगरू नावाचा गोंड मिळाला. त्याला खात्याकडून महिना पगाराचे काम होते. पांगरटोला तेव्हा पहाडीच्या अगदी पायथ्याशी होता, अकरा घरांचा.

वैशाखात आम्ही पायथ्याच्या डोहावर एका मोहाच्या झाडावर बसलो. जंगलात हिरवे काही उरले नव्हते. गवत वाळून कुसळासारखे झालेले. अशा वेळी गवे पाने ओरबाडतात, सागाची साल दातांनी सोलून काढतात, खाली पडलेली मोहाची फुले वेचून खातात. पाणी एवढ्याच डोहात. म्हणून पहाडीवरचे सगळे गवे रोज तिथेच उतरत. त्या सकाळी एकामागून एक असे अडतीस आले. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे ते दिसत. एरवी एकटेच हिंडणारे मोठे नरही कळपात होते आणि माद्यांच्या मागे मागे चालत होते. मी कागदावर रेघा ओढत होतो. मंगरू मोजत नव्हता. त्यांच्यात जनावरांचा आकडा तोंडाने उच्चारत नाहीत. उच्चारला तर कमी होतात, असे मानतात. तो दर गव्यामागे धावड्याचे एक पान तोडून माहुलाच्या वेलीच्या सालीत ओवत होता. शेवटी माझ्या रेघा आणि त्याची पाने सारखीच भरली.

श्रावणात दुसरी पाहणी होती. तीन दिवस पाऊस थांबला नाही. मी मंगरूच्या झोपडीत शेकोटीपाशी बसून राहिलो. त्याची बायको सोमारी मला आंबील देई, उकडलेले सुरण देई. मंगरू रोज म्हणायचा, "बाबू, पहाडीवर चाल. पावसात ते खाली नाई येत. वर गवत कवळं हाय, पानी कुठंबी हाय. अलग अलग होऊन चरून राहिले."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या टेकाडापर्यंत गेलो. सात गवे दिसले. पाय घसरत होता, अंगभर डास चावत होते. मी परत फिरलो.

तिसऱ्या दिवशी मंगरू पहाटेच एकटा वर गेला. चिंब भिजून परत आला तेव्हा त्याच्या हातात पानांच्या पाच माळा आणि दोन सुटी पाने होती. एका जागी दिसलेल्या गव्यांची एक माळ. सुटी पाने म्हणजे एकटे नर. मी मोजली. छत्तीस भरली. "राहिलेले कुठंतरी असतीन," तो म्हणाला आणि अंग पुसायला आत गेला.

खरा तक्ता माझ्या हातात होता. पण तो उतरवायचा तर शेवटच्या रकान्यात मी स्वतः गेलो नाही असे लिहावे लागले असते. माळा मी ओट्यावर ठेवल्या. तेवढ्यात त्यांची शेळी आली आणि त्या खाऊ लागली.

मी लिहिले: श्रावण, संख्या सात. प्रत्यक्ष पाहणी: संपूर्ण पहाडी फिरून पाहिली.

अडतीसाचे तीन महिन्यांत सात झाले, याचा कचेरीत एकच अर्थ लागला. साहेबांनी मला बोलावून विचारले, "सगळी पहाडी तू स्वतः पाहिलीस?" मी हो म्हणालो. दिवाळीच्या आत पांगरटोल्याच्या अकरा घरांना पहाडी सोडून सडकेकडे जाण्याचा हुकूम निघाला. मंगरूचे काम गेले. माझी बदली झाली आणि पुढे बढतीही.

पांगरटोला

नाला उतरला होता. लहानूच्या बंडीतून मी दुपारी नव्या पांगरटोल्यात पोचलो. नवा म्हणजे चाळीस वर्षांचा. सडकेच्या कडेला सपाट माळ, घरांभोवती बाभळीचे काटे, पहाडी दूर निळसर दिसते. गावात चिटपाखरू नव्हते. झोपड्यांची दारे लोटलेली. एका ओट्यावर एक म्हातारा दोरी वळत बसला होता आणि खांबाला एक शेळी बांधली होती. सगळे गाव रोवणीला पांगले होते. त्या घटकेला मला गावाची मोजणी करायला सांगितली असती, तर मी एक माणूस आणि एक शेळी लिहिले असते, असे मनात आले.

म्हातारा मंगरूच होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसेनासे झाले होते. मी नाव सांगितले. तो दोरी वळतच राहिला.

"कचेरीतला बाबू? तो तं बारीक होता. तुह्या आवाजात आता पोट आलं."

"मंगरूदादा," मी म्हणालो. तरुणपणी मी त्याला नुसता मंगरू म्हणत असे.

"आँ, दादा झालो का मी आता? बस."

मी बसलो आणि एका दमात सांगून टाकले. त्या श्रावणात मी वर गेलो नव्हतो. कागदावर गेलो असे लिहिले. साहेबांपुढेही तेच सांगितले. त्यामुळे तुमचे घर उठले.

त्याने दोरीचा पीळ पुरा केला. मग म्हणाला, "तू गेला नव्हता हे साऱ्या टोल्याले ठाऊक होतं. तुह्या जोड्याले वरचा चिखल कुठं होता? आमाले एवढंच नाई समजलं का पानं दिली होती, तं ती काऊन नाई लिवली."

"शेळीने खाल्ली," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला.

संध्याकाळी माणसे परतू लागली. मंगरूची मुलगी सुकवारो डोक्यावर रोपांची रिकामी टोपली घेऊन आली. पंचेचाळिशीची, उंच, नवऱ्यामागे बापाकडे राहणारी. मी कोण हे बापाने सांगितल्यावर तिने टोपली खाली ठेवली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"हा आमचा गवाखाऊवाला बाबू?"

"हो," मी म्हणालो.

"माह्या पोरीचं लगन दोनदा फिरलं. एकाच गोष्टीपायी. अन् आता कायले आले तुमी?"

"पहाडीवर जायला. मी वर जाऊन पाहणार, जे दिसेल ते लिहून कचेरीत देणार, आणि छापायलाही देणार. पावसाळ्यात गवे पांगतात, मारले गेले नव्हते, हे माझ्याच सहीने."

"तुमच्यानं चढनं होते?"

"चढू दे त्याले," मंगरू मध्येच म्हणाला. "उद्या तू जा त्याच्यासंगं. पानं घेऊन जा."

सुकवारोने तोंड फिरवले, पण रात्रीच्या जेवणात माझ्यापुढे वास्त्यांची भाजी वाढली. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. बारीक चिरून, पाण्यात ठेवून, कडवटपणा काढून करतात; वर भरडलेल्या तांदळाचा दाटपणा. शिवाय सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या. नागपुरात अळंबी पाहिली तर आमच्या घरी अंघोळ करायला लावतील. मी दोनदा मागून घेतल्या.

"खा," मंगरू म्हणाला. "गवे बी हेच खाऊन राहिले आता. वास्ता निंगाला का ते बांबूच्या बनात घुसतेत. आमी खालून तोडतो, ते वरून."

मग तो आपणहून बोलू लागला. उन्हाळ्यात गव्याला पाण्याची दोरी असते, म्हणाला. त्या दोरीने सगळे एका डोहाला बांधलेले. पाऊस आला की दोरी तुटते. लहान लहान घोळके करून वेगळे होतात. माद्या पिल्ले घेऊन वाऱ्यावरच्या कुरणात जातात, कारण तिथे माश्या कमी. म्हातारे नर एकटे पडतात. "त्यायले कोनी हाकलत नाई. त्यायलेच करमत नाई गर्दीत. मंग थंडी सरली का पुन्हा येतेत." हे सगळे त्याने मला चाळीस वर्षांपूर्वीही सांगितले असणार. तेव्हा मी शेकोटीला पाय लावून ऐकले असणार.

कोसम पहाडी

सकाळी पावसाची उघडीप होती. जुन्या टोल्याच्या जागेपर्यंत लहानूची बंडी आली. तिथे आता उंच गवत आणि मधोमध चिंचेचे झाड. सुकवारोने झाडाकडे बोट दाखवले. "ते आमचं होतं." एवढेच बोलून ती पुढे चालू लागली.

पहिल्या टेकाडावर मी थांबलो. इथूनच मी परत फिरलो होतो. इतक्या वर्षांत माझ्या आठवणीत ती जागा भयंकर उंच झाली होती. प्रत्यक्षात खालची बंडी आणि बैलांची शेपटे दिसत होती.

"दमले का?" सुकवारोने विचारले.

"नाही."

"मंग चाला. बसान तं पाय धरतीन."

पुढचा चढ बांबूतून होता. ओल्या दगडावरून मी एकदा घसरलो, धोतर फाटले आणि कोपर सोलवटले. सुकवारोने कसला तरी पाला चोळून लावला आणि माझी काठी बदलून स्वतःची दिली. ठिकठिकाणी बांबूचे कोंब माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर चावून मोडलेले होते. ताज्या शेणात अर्धवट पचलेले हिरवे गवत. वैशाखातले शेण मला आठवत होते: कोरडे, काटक्या आणि साल असलेले. त्या दोन शेणांत जेवढा फरक तेवढाच त्या जनावरांच्या दोन ऋतूंत, आणि तो लिहायला मी वरपर्यंत आलोच नव्हतो.

माथ्यावर बांबू संपला आणि कुरण लागले. वारा होता. गवत गुडघ्याइतके, इतके हिरवे की डोळ्यांना गार वाटावे. दूरवर नवेगावचा तलाव ताटासारखा चमकत होता.

सुकवारोने माझ्या दंडाला धरून मला खाली बसवले. कुरणाच्या उताराला पाच गवे चरत होते. तीन माद्या, दोन तांबूस पिल्ले. उन्हाळ्यात मी पाहिलेले गवे सारखे मान वर करून हुंगत. हे निवांत होते. जीभ गवताभोवती गुंडाळून उपटण्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. एक पिल्लू दुसऱ्याला ढुशा देत होते आणि आई तिकडे पाहतही नव्हती. सुकवारोने धावड्याची पाने ओवली. पाच.

ओढ्याच्या पलीकडे, बांबूच्या कडेला आणखी तीन होते. हे पहिल्यांच्या हाकेच्या अंतरावर असूनही दोन्ही घोळके एकमेकांकडे गेले नाहीत. दुसरी माळ, तीन पानांची. परतताना एका कोसमाच्या झाडाखाली एक म्हातारा नर उभा होता. शिंगांची टोके झिजलेली, पाठीवरचे केस उडालेले. त्याने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा चघळू लागला.

"हा सुटा," सुकवारो हळूच म्हणाली. "तुमच्यासारखा."

सुटे पान एक. माथ्याच्या पलीकडे आणखी दोन कुरणे आहेत, असे तिने सांगितले, पण मधे दरी होती आणि ढग भरून आले होते.  आम्ही उतरलो.

परत ओट्यावर

मंगरू कालच्याच जागी बसला होता. मी दोन माळा आणि सुटे पान त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने एकेक पान बोटांनी चाचपले, घाई न करता. तोंडाने आकडा उच्चारला नाही.

मी माझी वही काढली. उतरताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत आली होती. नऊ या आकड्याने काहीच सिद्ध होत नव्हते. कचेरीतला माणूस म्हणेल, तेव्हा सात होते, आता नऊ आहेत; म्हणजे तुमचे बरोबरच होते.

"मंगरूदादा, पलीकडच्या कुरणांत बाकीचे नक्की असणार. मी छत्तीस लिहितो. तुझी पाने छत्तीसच होती. त्याने तुमच्यावरचा डाग जाईल."

त्याची बोटे थांबली.

"तू गेला होता तिकडे? पलीकडे?"

"नाही."

"मंग कायले लिहितो?"

 सुकवारो दारात उभी होती.  तिच्या मुलीचे लग्न या आकड्यावर अडलेले होते आणि तरी तिने मला भर दिली नाही.

"तवा तू माही पानं नाई लिवली, कारन तू गेला नव्हता," मंगरू सावकाश म्हणाला. "आता तीच लिवतो, अन् आताबी तू पलीकडे गेला नाई. दिसले तेवढे लिव. माही पानं माह्या नावानं लिव. मंगरूनं पाह्यले, मंगरूनं पानं आनली, असं. अन् तुह्यं तू लिव."

तेवढ्यात खांबाची शेळी दोरी ताणून पुढे आली आणि तिने मंगरूच्या मांडीवरच्या पानांना तोंड लावले. मी पटकन काठी आपटली. ती मागे सरली.

मंगरू हसला. दात नसलेले, आवाज न करणारे हसू. "हाकलली वाटते."

त्या क्षणी मला राहिलेले सांगावे लागले. काल मी शेळीने खाल्ली एवढेच बोललो होतो.

"त्या दिवशी मी बघत होतो," मी म्हणालो. "ती खात असताना. हाताच्या अंतरावर होती. मी हाकलली नाही."

"ठाऊक हाय मले," तो म्हणाला. "सोमारीनं चुलीपासून पाह्यलं होतं. तिनं मले त्याच रात्री सांगतलं."

"मग तू तेव्हाच का बोलला नाहीस?"

"कोनाले सांगू? लिवनारा तूच होता."

सोमारीला जाऊन बरीच वर्षे झाली. ती जाईपर्यंत गावोगाव गवाखाऊ हे नाव ऐकत राहिली असणार, आणि चुलीपासून पाहिलेले तिला कोणी विचारले नसणार.

नवेगावला परतल्यावर लहानूने पुन्हा भात वाढला. या वेळी मी त्याला उत्तर दिले, सगळे, जसे घडले तसे. तो जेवायचा थांबला. मग म्हणाला, "बाबूजी, हे मी बाजारात सांगू?" मी म्हणालो, सांग, माझे नाव घेऊन सांग.

कचेरीत मी अर्ज दिला आहे. त्यावर अजून उत्तर नाही. जुना तक्ता सापडत नाही, असे एका तरुण कारकुनाने मला सांगितले. तो सापडो न सापडो, माझ्या हातचा खरा तक्ता इथे देतो.

वैशाख, पायथ्याचा डोह. चारा: पाने, साल, मोहाची फुले. एकत्र अडतीस, नरांसह. मी आणि मंगरू, दोघांनी पाहिले.

त्याच वर्षीचा श्रावण, कोसम पहाडी. चारा: कोवळे गवत, बांबूचे कोंब. पाच ठिकाणी पांगलेले आणि दोन एकटे नर, मिळून छत्तीस. मंगरूने पाहिले. मी पहिल्या टेकाडावरून परत फिरलो होतो.

यंदाचा श्रावण, तीच पहाडी, तोच चारा. पाच, तीन आणि एक. सुकवारो आणि मी, दोघांनी पाहिले. पलीकडच्या दोन कुरणांत मी गेलो नाही.